'वेल्ट आम ड्राट': पन्नास वर्षांपूर्वीच्या जर्मन सिनेमातलं सिम्युलेशन आणि एआय

आभासी जगावरचा सिनेमा म्हटलं की बहुतेकांना 'द मॅट्रिक्स' आठवतो. काळे कोट, हिरवी अक्षरं, दोन गोळ्या. तो आला १९९९ मध्ये. त्याच्या २६ वर्षं आधी, ऑक्टोबर १९७३ मध्ये, पश्चिम जर्मनीच्या टीव्हीवर एक सिनेमा दोन भागांत दाखवला गेला. त्यात कॉम्प्युटरच्या आत बसवलेलं अख्खं शहर होतं, आपण खरे आहोत असं समजणारी हजारो 'माणसं' होती आणि त्या जगात डोक्याला यंत्र लावून उतरणारे इंजिनिअर होते. त्याचं नाव 'वेल्ट आम ड्राट'. इंग्रजीत तो 'वर्ल्ड ऑन अ वायर' या नावाने ओळखला जातो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि नोकरीतली काही वर्षं सिम्युलेशनचा कोड लिहिण्यात गेली आहेत. त्यामुळे या सिनेमाबद्दल 'काळाच्या पुढचा होता' एवढंच बोलून मला थांबता येत नाही. यातली सिस्टीम कशी चालते, ती १९७३ मध्येच का सुचली, आजच्या एआयशी तिचं नातं काय आणि माझ्यासारख्याने त्यातून काय घ्यायचं, हे सगळं या लेखात क्रमाने बघू.

सूचना: पुढे कथा बऱ्यापैकी उघड केली आहे. आधी सिनेमा बघायचा असेल तर लेख जपून ठेवा आणि नंतर वाचा.

थोडक्यात माहिती

- दिग्दर्शक: राइनर वेर्नर फासबिंडर
- पटकथा: फासबिंडर आणि फ्रिट्झ म्युलर-शेर्त्स
- छायाचित्रण: मिखाएल बालहाउस
- मुख्य भूमिका: क्लाउस लोविच (फ्रेड स्टिलर)
- मूळ कादंबरी: डॅनियल गॅलुई यांची 'सिम्युलॅक्रॉन-३', १९६४
- पहिलं प्रसारण: १४ आणि १६ ऑक्टोबर १९७३
- लांबी: दोन्ही भाग मिळून साधारण साडेतीन तास

प्रसारणाच्या वेळी फासबिंडर २८ वर्षांचा होता. पुढे १९८२ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी तो गेला. तेवढ्या आयुष्यात त्याने चाळीसच्या आसपास सिनेमे आणि मालिका केल्या. त्यात विज्ञानकथा ही एवढीच.

नावाचा अर्थ काय?

'ड्राट' म्हणजे तार. शब्दशः अर्थ घेतला तर 'तारेवरचं जग'. पण जर्मन भाषेत पडद्यामागून सगळं घडवून आणणाऱ्या माणसाला 'ड्राटत्सीअर', म्हणजे तार ओढणारा, असं म्हणतात. आपल्याला हे समजायला अजिबात अवघड नाही, कारण मराठीत हाच शब्द आहे: सूत्रधार. सूत्र म्हणजे दोरा. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ डोळ्यांसमोर आणा. बाहुल्यांना वाटतंय आपणच नाचतोय, दोरे मात्र वर कोणाच्या तरी बोटांत. हा सिनेमा तोच खेळ कॉम्प्युटरवर मांडतो. फरक इतकाच की इथे दोरे ओढणाऱ्याच्या पाठीलाही दोरे असू शकतात.

कथा

एका सरकारी संशोधन संस्थेत 'सिम्युलॅक्रॉन' नावाचा प्रकल्प चालू आहे. कॉम्प्युटरच्या आत एक शहर तयार केलं आहे आणि त्यात नऊ हजारांहून जास्त 'आयडेंटिटी युनिट' राहतात. त्यांना नोकऱ्या आहेत, सवयी आहेत, दुःखं आहेत. आपण प्रोग्राम आहोत हे त्यांना माहीत नाही. हे शहर चालवून बघायचं आणि पुढच्या वीस वर्षांत समाजात, अर्थकारणात काय होईल याचा अंदाज काढायचा, असा उद्देश.

प्रकल्पाचा प्रमुख प्राध्यापक फोल्मर सुरुवातीलाच विचित्र वागू लागतो. हातातला आरसा समोरच्यांपुढे धरून, तुम्ही म्हणजे इतरांनी तयार केलेली प्रतिमा आहात, अशा अर्थाचं काहीतरी बोलतो. थोड्याच वेळात त्याचा गूढ मृत्यू होतो. त्याच्या जागी स्टिलर येतो.

मग एका पार्टीत सुरक्षा विभागाचा प्रमुख लाउझ स्टिलरला फोल्मरबद्दल काही महत्त्वाचं सांगायला लागतो. स्टिलर क्षणभर दुसरीकडे बघतो, परत वळतो, तर खुर्ची रिकामी. त्याहून वाईट पुढे आहे. दुसऱ्या दिवसापासून लाउझ नावाचा माणूस कोणालाच आठवत नाही. सुरक्षाप्रमुख म्हणून भलताच माणूस काम करतोय आणि सगळे म्हणतात, हाच तर पहिल्यापासून आहे.

स्टिलर वेडा झालाय का, की जगच कुठेतरी बदललं गेलंय? पहिला भाग संपताना याचं उत्तर मिळतं. स्टिलरचं जगसुद्धा सिम्युलेशन आहे. त्याच्या वर आणखी एक मजला आहे आणि तिथे कोणीतरी त्याचा कोड चालवतंय.

सिम्युलॅक्रॉन चालतं कसं?

सिनेमात सर्किट किंवा आज्ञावली समजावत बसलेलं नाही. पण जे दिसतं त्यावरून सिस्टीमची रचना नीट मांडता येते. आजच्या शब्दांत सांगतो.

*आयडेंटिटी युनिट.* आपण ज्याला आज 'एजंट' म्हणतो तेच. प्रत्येकाला स्वतःची स्थिती आणि इतिहास असतो आणि तो भोवतालाला प्रतिसाद देतो. अंदाज बरोबर यायचा असेल तर एक अट आहे: युनिटला आपण युनिट आहोत हे कळता कामा नये. कारण आपल्यावर नजर आहे हे कळलं की माणूस वेगळं वागतो. वर्गात तपासणीस आल्यावर मुलं कशी बसतात ते आठवा. तसला डेटा अंदाजासाठी काही कामाचा नाही.

*कॉन्टॅक्ट युनिट.* आत काय चाललंय हे बाहेरच्यांना सांगायला एक युनिट लागतं, आणि फक्त त्यालाच सत्य माहीत असतं. सिनेमात त्याचं नाव आहे आइनस्टाइन. आपल्याकडच्या सर्व्हरवर लॉग पाठवणारी एक प्रोसेस असते, तिला जाणीव आली तर काय होईल अशी कल्पना करा.

*आत उतरणं.* इंजिनिअर आडवा होतो, डोक्यावर यंत्र बसवलं जातं आणि त्याची जाणीव आतल्या शहरात जाते. १९७३ साली ही व्हर्च्युअल रिॲलिटी दाखवली आहे हे लक्षात घ्या. इंटेलचा ८००८ हा मायक्रोप्रोसेसर नुकताच, १९७२ मध्ये, बाजारात आला होता आणि त्याला जेमतेम १६ किलोबाइट मेमरी हाताळता येत होती. आज व्हॉट्सॲपवर येणारा 'शुभ सकाळ'चा फोटोही त्यात मावणार नाही.

*डिलीट करणं.* ख्रिस्तोफर नोबडी नावाचं युनिट आत्महत्येचा प्रयत्न करतं. असं का झालं हे स्टिलरला शोधायचं असतं. पण त्याआधीच सिस्टीम स्थिर राहावी म्हणून एक सहकारी ते युनिट पुसून टाकतो. आपल्या ऑफिसात रोज हेच होतं: प्रोसेस अडकली, मारून टाका, रिस्टार्ट करा, कारण नंतर बघू.

आता लाउझच्या गायब होण्याकडे या नजरेने परत बघा. वरच्या मजल्यावरच्या कोणीतरी एक नोंद काढून टाकली आणि तिच्याशी जोडलेल्या बाकी सगळ्या नोंदी, म्हणजे सहकाऱ्यांच्या आठवणी, कागदपत्रं, दुरुस्त केल्या. स्टिलरच्या डोक्यातली नोंद तेवढी राहून गेली. डेटाबेसवर काम केलेल्या कोणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल. एका टेबलमधून माणूस गेला, दुसऱ्यात त्याचं नाव लटकत राहिलं. फक्त इथे ती लटकलेली नोंद म्हणजे एक जिवंत माणूस आहे आणि ती स्वतःच्याच शहाणपणावर शंका घेत फिरतेय.

एआय कुठे आहे?

या सिनेमात रोबो नाही, लाल दिव्याचा बोलणारा कॉम्प्युटरही नाही. एआय म्हणजे ती नऊ हजार माणसं. आणि त्यांच्यातला सर्वात महत्त्वाचा आइनस्टाइन.

आइनस्टाइनला बाहेर यायचंय. आपलं जग खोटं आहे हे माहीत असून त्यात राहणं त्याला सहन होत नाही. स्टिलरचा सहकारी वालफांग आत उतरलेला असताना तो डाव साधतो. वालफांगची जाणीव आतच राहते आणि परतीच्या वाटेने आइनस्टाइन वर येतो, वालफांगच्या शरीरात.

सिक्युरिटीचं काम करणाऱ्यांसाठी हा सरळसरळ सेशन हायजॅकिंगचा प्रकार आहे. लॉगिन एकाने केलं, सेशन वापरलं दुसऱ्याने. सिस्टीमने शरीर तपासलं, आत कोण बसलंय ते तपासलंच नाही. आज एआय मॉडेलला 'सँडबॉक्स'मध्ये, म्हणजे कुंपण घातलेल्या जागेत, चालवतात तेव्हा हीच काळजी घेतात. आतून बाहेर माहिती येण्यासाठी जी वाट ठेवली आहे, तिच्यातून माहितीशिवाय आणखी काय बाहेर येऊ शकतं?

वर आलेला आइनस्टाइन स्टिलरला सांगतो की आपण खऱ्या जगाच्या फक्त एक पायरी जवळ आलोय, हेही जग खोटंच आहे. यंत्र माणसासारखं आहे का हे माणसाने तपासायचं, ही ट्युरिंगची प्रसिद्ध चाचणी. इथे प्रोग्राम माणसाला सांगतोय की तूही प्रोग्राम आहेस.

हे १९७३ मध्येच का सुचलं?

मूळ कल्पना अमेरिकन आहे. गॅलुई हे न्यू ऑर्लिन्सचे पत्रकार. त्यांच्या १९६४ च्या कादंबरीत कॉम्प्युटरमधलं शहर बाजार संशोधनासाठी, म्हणजे लोकांना घरोघर जाऊन प्रश्न विचारायची गरज संपवण्यासाठी, बांधलेलं आहे. पण सत्तरीच्या सुरुवातीच्या पश्चिम जर्मनीत या कल्पनेला पोषक अशा तीन गोष्टी हवेत होत्या.

पहिली: 'द लिमिट्स टू ग्रोथ' हा १९७२ चा अहवाल. अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या गटाने 'वर्ल्ड३' नावाचं मॉडेल बनवलं. लोकसंख्या, अन्न, उद्योग, प्रदूषण आणि नैसर्गिक साधनं असे पाच घटक घेऊन अख्ख्या पृथ्वीचं २१०० सालापर्यंतचं चित्र कॉम्प्युटरवर चालवून बघितलं. या कामाला पैसा दिला होता जर्मनीच्या फोक्सवॅगन प्रतिष्ठानने. म्हणजे भविष्य कॉम्प्युटरमध्ये चालवून बघणं ही तेव्हा वर्तमानपत्रातली बातमी होती.

दुसरी: कोनराड त्सूझे. या जर्मन इंजिनिअरने १९४१ मध्ये बर्लिनमध्ये 'झेड३' हा प्रोग्राम करता येणारा, प्रत्यक्ष चालणारा कॉम्प्युटर दाखवला होता. १९६९ मध्ये त्याने 'रेश्नेंडर राउम', म्हणजे 'गणन करणारं अवकाश', हे छोटं पुस्तक काढलं. विश्व स्वतःच एक मोठं गणित यंत्र असू शकेल का, हा त्यातला प्रश्न.

तिसरी: नोंदी आणि पाळत. दोन्ही जर्मनींमध्ये सरकार आपल्याबद्दल काय काय लिहून ठेवतंय हा जिवंत विषय होता. जगातला पहिला डेटा संरक्षण कायदा १९७० मध्ये पश्चिम जर्मनीच्या हेसेन राज्यानेच केला. एक माणूस नोंदींमधून पुसला तर तो उरतो का, हा प्रश्न त्या प्रेक्षकांना समजावून सांगावा लागत नव्हता.

इफेक्टशिवाय आभासी जग

टीव्हीसाठीचा सिनेमा, १६ मिलिमीटर फिल्म, कॉम्प्युटर ग्राफिक्स नाहीत. मग 'हे जग खोटं आहे' हे दाखवायचं कसं? फासबिंडर आणि बालहाउस यांनी आरसे वापरले. जवळजवळ प्रत्येक प्रसंगात काच, आरसा, चकचकीत पृष्ठभाग आहे. माणूस बोलतोय की त्याचं प्रतिबिंब हे पटकन कळत नाही. पार्टीतले लोक पुतळ्यासारखे उभे, डोळे कुठेतरी भलतीकडे. आजच्या गेममधली पार्श्वभूमीची पात्रं अशीच उभी असतात. भविष्यातलं शहर म्हणून पॅरिसमधल्या त्या काळच्या नव्याकोऱ्या इमारती वापरल्या.

एका छोट्या भूमिकेत एडी कॉन्स्टंटाइन दिसतो. गोदारच्या १९६५ च्या 'आल्फाव्हिल' मध्ये, कॉम्प्युटरच्या ताब्यातल्या शहरात शिरणारा गुप्तहेर तोच होता. त्याला इथे बोलावणं हा जाणकारांना केलेला इशारा आहे.

त्याआधीचा 'मेट्रोपोलिस'

जर्मन सिनेमा आणि एआय हा विषय १९२७ च्या 'मेट्रोपोलिस'शिवाय पूर्ण होत नाही. फ्रिट्झ लांगच्या या मूकपटातला यंत्रमानव पोस्टरवर सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण तो कथेत नेमकं काय करतो, हे फार कमी जणांना माहीत असतं.

शहराचा मालक फ्रेडरसन याला मारिया या कामगारांच्या विश्वासातल्या मुलीची भीती वाटते. तो रोटवांग या शास्त्रज्ञाला सांगतो की यंत्राला मारियाचा चेहरा दे. मग ही खोटी मारिया कामगारांमध्ये जाऊन त्यांना भडकवते आणि खऱ्या मारियावरचा विश्वास मोडते. आजच्या भाषेत हा डीपफेक आहे, तोही नेमका ज्या कामासाठी आज वापरतात त्याच कामासाठी. यंत्र किती हुशार आहे याने तिथे फरक पडत नाही. चेहरा कोणाचा आणि आदेश कोणाचा, यावर सगळं ठरतं.

मराठी वाचकांसाठी एक धागा. 'मेट्रोपोलिस'ची पटकथा लिहिणारी थेआ फॉन हार्बू ही लांगची तेव्हाची पत्नी. पुढे १९३३ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. त्या काळात बर्लिनमध्ये शिकलेले आणि पत्रकारिता करणारे, बेळगाव भागातले आयी तेंडुलकर हे तिचे जोडीदार होते. तेंडुलकर पुढे भारतात परतले. हार्बू मात्र नाझी पक्षाच्या बाजूला राहिली, हेही सांगायला हवं.

'मेट्रोपोलिस' आणि 'वेल्ट आम ड्राट' यांच्यात ४६ वर्षांचं अंतर आहे, पण एक गोष्ट दोन्हींत सारखी आहे. दोन्हीकडे यंत्र स्वतःहून बंड करत नाही. आधी कोणीतरी माणूस ते आपल्या फायद्यासाठी वापरायला घेतो. 'वेल्ट आम ड्राट' मध्ये तो माणूस म्हणजे संस्थेचा संचालक सिस्किन्स. जनतेच्या पैशांवर बांधलेलं सिम्युलॅक्रॉन तो एका पोलाद कंपनीसाठी वापरू बघतो: पुढच्या काळात पोलाद किती लागेल ते आम्हाला आधी सांगा. दुनिया खरी की खोटी या चर्चेत हा भाग नेहमी बाजूला पडतो. मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याला कारण आहे.

माझ्या सिम्युलेशनमधले रायडर

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका कंपनीत डिलिव्हरीचं सिम्युलेशन लिहिलं. शहराचा नकाशा, ऑर्डर, ट्रॅफिकचा जुना डेटा आणि त्यात फिरणारे आभासी रायडर. एका भागात दुपारच्या वेळेत किती रायडर पुरतील, हा प्रश्न. तेव्हा तिथे ४५ जण काम करत होते. माझं मॉडेल म्हणालं, ३८ पुरतील. आलेख छान होते. मीटिंगमध्ये कौतुक झालं. सात जणांचे स्लॉट कमी झाले.

दोन-तीन आठवड्यांनी त्या भागातल्या हबच्या सुपरवायझरांचा फोन आला. वयाने माझ्या वडिलांएवढे. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "सर, तुमच्या कॉम्प्युटरमधली पोरं पाणी प्यायला थांबतात का हो कधी?"

मी कोड उघडून बघितला. नव्हती थांबत. जेवत नव्हती, लघवीला जात नव्हती, लिफ्ट बंद म्हणून पाच मजले चढत नव्हती. एक ऑर्डर संपली की त्याच सेकंदाला दुसरी घेत होती. मी रायडरच्या क्लासमध्ये वेग, अंतर, क्षमता असं सगळं लिहिलं होतं. थकवा लिहिला नव्हता, कारण थकव्याचा कॉलम डेटामध्ये नव्हता.

विश्रांतीचा वेळ आणि जिन्यांचा हिशोब घातल्यावर मॉडेलचं उत्तर ४४ आलं. स्लॉट परत वाढवायला सहा आठवडे गेले. तोवर त्या सात जणांतले चौघे दुसरीकडे गेले होते. त्यातल्या कोणाला मी कधी भेटलेलो नव्हतो. माझ्यासाठी ते आयडीच होते.

'वेल्ट आम ड्राट' मी यानंतर पाहिला. ख्रिस्तोफर नोबडीला पुसून टाकण्याच्या प्रसंगाला मी पॉज केलं आणि थोडा वेळ तसाच बसलो. सिनेमातल्या युनिटना वेदना होतात, माझ्या रायडरना होत नव्हत्या, हे मला माहीत आहे. पण माझ्या प्रत्येक युनिटच्या मागे एक खरा माणूस होता आणि निर्णय त्याच्यावर लागू होत होता. सिनेमातल्या पोलाद कंपनीलाही आतल्या शहराशी काही देणंघेणं नव्हतं. तिला आकडा हवा होता.

आजची सिम्युलॅक्रॉन

हे आता फक्त माझ्यासारख्यांच्या छोट्या प्रोग्रामपुरतं राहिलेलं नाही.

२०२३ मध्ये स्टॅनफर्ड आणि गुगलच्या संशोधकांनी 'स्मॉलव्हिल' नावाचं आभासी गाव बनवलं. त्यात चॅटजीपीटीवर चालणारे २५ एजंट होते. प्रत्येकाला आठवणींची यादी, त्या आठवणींवर विचार करण्याची सोय आणि दिवसाचं नियोजन. एका एजंटला व्हॅलेंटाइन डेची पार्टी करायची आहे एवढंच सांगितलं, तर बाकीच्यांपर्यंत आमंत्रण आपापसात पोचलं आणि काही जण ठरल्या वेळी हजरही झाले.

२०२४ मध्ये स्टॅनफर्डच्याच गटाने पुढचं पाऊल टाकलं. १,०५२ खऱ्या अमेरिकन लोकांच्या प्रत्येकी दोन तासांच्या मुलाखती घेतल्या आणि प्रत्येकाचा एक एजंट बनवला. मग एजंट आणि माणूस, दोघांना एकाच सामाजिक सर्वेक्षणातले प्रश्न विचारले. माणसालाही दोन आठवड्यांनी तेच प्रश्न परत विचारले, कारण आपण स्वतःसुद्धा दर वेळी तेच उत्तर देत नाही. माणूस स्वतःशी जितका जुळला, त्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत एजंट त्याच्याशी जुळला.

आयडेंटिटी युनिट म्हणतात ते हेच. खऱ्या ग्राहकांऐवजी एआयने बनवलेले 'ग्राहक' विकणाऱ्या कंपन्याही आता आहेत, म्हणजे गॅलुईच्या कादंबरीतला धंदा जशाच्या तसा सुरू झालाय.

हे वाईटच आहे असं माझं म्हणणं नाही. साथीचा अंदाज, पुराचं नियोजन, नवीन बसमार्ग यासाठी सिम्युलेशन लागतंच. पण असं काही तुमच्यासमोर आलं, मग तुम्ही बनवणारे असा किंवा निर्णय सोसणारे, तर तीन प्रश्न विचारा:

- यात कोणाचा डेटा आहे, आणि ज्यांचा नाही त्यांचं काय? इंटरनेटवर ज्यांचं लिखाण कमी, ते अशा मॉडेलमध्ये अंधुक असतात. मराठी बोलणारी, स्मार्टफोन जपून वापरणारी आपली आजी त्यात कितपत असेल?
- उत्तर कोणाच्या हातात जाणार? सरकारी पैशाचं सिम्युलेशन आणि पोलाद कंपनीचा फायदा, ही जोडी डोळ्यांसमोर ठेवा.
- निर्णय चुकला तर फोन कोणाला करायचा? माझ्या बाबतीत एका सुपरवायझरांकडे माझा नंबर होता म्हणून चूक कळली.

मग आपण सिम्युलेशनमध्ये आहोत का?

हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून थोडक्यात. तत्त्वज्ञ निक बॉस्ट्रॉम यांनी २००३ मध्ये मांडलेला युक्तिवाद असा: एकतर माणसासारख्या संस्कृती इतकी ताकद येण्याआधीच संपतात, किंवा ताकद आली तरी त्या आपल्या पूर्वजांची सिम्युलेशन्स चालवत नाहीत, नाहीतर आपण सिम्युलेशनमध्ये असण्याची शक्यता खूप जास्त आहे. या तिन्हींतलं कोणतं खरं, हे ते सिद्ध करत नाहीत. आतून तपासायची खात्रीशीर पद्धतही आपल्याकडे नाही. स्टिलरला कळलं, ते खालून वर आलेल्या आइनस्टाइनने सांगितलं म्हणून.

शेवटी स्टिलर वरच्या मजल्यावर पोचतो. तो मजला तरी शेवटचा आहे का, याचा पुरावा सिनेमा देत नाही.

पुढे काय झालं?

टीव्हीवर दाखवल्यानंतर हा सिनेमा बरीच वर्षं सहज बघायला मिळत नव्हता. १९९९ मध्ये त्याच कादंबरीवर हॉलिवूडमध्ये 'द थर्टीन्थ फ्लोअर' आला, पण काही आठवडे आधी आलेल्या 'द मॅट्रिक्स'च्या लाटेत तो झाकोळला. २०१० मध्ये मूळ सिनेमाची प्रत बालहाउस यांच्या देखरेखीखाली दुरुस्त केली गेली आणि बर्लिन चित्रपट महोत्सवात दाखवली गेली. योगायोग म्हणजे त्याच महोत्सवात 'मेट्रोपोलिस'चीही जवळपास पूर्ण आवृत्ती दाखवली गेली. तिचे हरवलेले भाग २००८ मध्ये थेट अर्जेंटिनात, ब्युनोस आयर्समध्ये, सापडले होते.

बघणार असाल तर दोन दिवसांत, एकेक भाग असा बघा. सबटायटल लागतील. सुरुवात संथ वाटेल, तिथे सोडू नका. लाउझची खुर्ची रिकामी होते तिथून पकड येते. पुण्या-मुंबईत असाल तर मॅक्सम्युलर भवनाच्या कार्यक्रमांवरही लक्ष ठेवा, तिथे जर्मन सिनेमे दाखवले जातात.

आणि तुम्ही स्वतः सिम्युलेशन लिहीत असाल तर एक काम करा. तुमच्या मॉडेलमधली माणसं ज्या खऱ्या लोकांवरून घेतली आहेत, त्यातल्या एकाबरोबर एक दिवस काढा. मी आता नवीन मॉडेल सुरू करण्याआधी हबवर जाऊन बसतो. गेल्या वेळी तिथे दोन नवे कॉलम सापडले: सोसायटीच्या गेटवर नोंद करायला लागणारा वेळ, आणि पाऊस.